ऑफिस तुमचं जुनं आणि खराब माझी फाईल?

"तुझी फाईल उघडत नाही." आज चौथ्यांदा ऐकलं. बरं, मेसेज काय येतो? "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं, मी ओके केलं." धन्य!

दोन महिने रात्री जागून ॲक्सेसमध्ये, म्हणजे ऑफिसमधल्या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये, स्टॉकचा डेटाबेस बांधला. येता-जाता कुणी कोडमध्ये बोटं घालू नयेत म्हणून एसीसीडीई, म्हणजे त्याची कुलूपबंद फाईल, करून दिला. त्यात कोड फक्त कंपाइल झालेला, म्हणजे मशीनला चालवता येईल असा केलेला असतो, वाचायचा मूळ कोड उरतच नाही. इथवर मी शहाणा. पण कंपाइल केला माझ्या नव्या मशीनवर आणि उघडणारे निम्मे अजून ऑफिस २०१० वर! ॲक्सेसची साधी फाईल, एसीसीडीबी, जुन्यावर बहुतेक उघडते, कारण मूळ कोड सोबत असतो आणि तिथल्या तिथे पुन्हा कंपाइल होतो. एसीसीडीईला ती सोय नाही. म्हणून ती बनवायची कुठे, तर सगळ्यात जुनं व्हर्जन असेल त्या मशीनवर. अख्ख्या तांड्यानं लंगड्या बैलाच्या चालीनं चालायचं.

तेही केलं. अडगळीतला डबा काढला, २०१० टाकलं, कंपाइल दाबलं, अडकलं. कोड दुसऱ्या प्रोग्रॅमची मदत घेतो त्या जोडणीला रेफरन्स म्हणतात. माझ्या मशीनवर आउटलुकचा रेफरन्स व्हर्जन १६ वर गेलेला. वर आपोआप जातो, खाली मात्र येत नाही. तिथे नुसतं 'मिसिंग' लिहून येतं. असे सगळे रेफरन्स काढून, चालवताना आहे ते व्हर्जन शोधून घेणाऱ्या क्रिएटऑब्जेक्टनं कोड पुन्हा लिहिला. एक रविवार गेला.

मग नवे मशीनवाले ओरडायला लागले. ऑफिस ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत येतं. ३२ बिटवर बनवलेली एसीसीडीई ६४ बिट ॲक्सेसमध्ये उघडत नाही, आणि ऑफिस २०१९ पासून सांगितलं नाही तर ६४ बिटच बसतं. म्हणजे विंडोजची आतली फंक्शन्स (एपीआय) बोलावणाऱ्या प्रत्येक डिक्लेअर ओळीला पीटीआरसेफ हा शब्द लावा, पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता असेल तिथे लाँगचं लाँगपीटीआर करा आणि दुसरी फाईल बनवा. तुमचं ऑफिस किती बिटचं, विचारलं की उत्तर येतं, "विंडोज टेन." अरे बाबा, मी घर नंबर विचारतोय, तू गावाचं नाव काय सांगतोस!

ॲक्सेसचं रनटाइम, म्हणजे फायली नुसत्या चालवणारी आवृत्ती, फुकट मिळतं, सगळ्यांकडे एकच व्हर्जन टाकू या, असं मी किती वेळा सांगितलं. इन्स्टॉल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो ज्याच्याकडे आहे तो कायम रजेवर. २०१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये संपला, हे साहेबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" चालतंय कुठे साहेब? मी ढकलतोय!

आता फोल्डरमध्ये दोन फायली आहेत. '३२ जुनं' आणि '६४ नवं', नावंसुद्धा ढळढळीत. आत्ताच एकाचा फोन आला, "दोन्ही करून बघितल्या, एकही उघडत नाही." मेसेज काय आला म्हणून विचारलं.

ओके केलंय.