बँड फोडायचाय? लेबल छोटं छापा

चांगला चाललेला बँड फोडायला लोक उगाच व्यसनं, प्रेमप्रकरणं असले खर्चिक मार्ग धरतात. तुम्ही इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ‘द अ‍ॅनिमल्स’चा कित्ता गिरवा. त्यांचं काम रेकॉर्डवरच्या एका ओळीत झालं.

आधी बेवारस गाणं शोधा. ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’ हे जुनं अमेरिकन लोकगीत. मूळ कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे रॉयल्टी मागायला कवी येत नाही आणि ‘संयोजन’ म्हणून ज्याचं नाव लागेल त्याची चांदी. मे 1964 मध्ये लंडनला जाऊन पाचही जणांनी ते एकाच टेकमध्ये वाजवून टाका, म्हणजे कुणी किती घाम गाळला याचा हिशेब उरत नाही. सुरुवातीला हिल्टन व्हॅलेंटाइनला गिटारची एकेक तार सुटी छेडू द्या. पुढे जगभरची पोरं नवी गिटार हातात आली की तेच घोटत बसतील. त्यावर एरिक बर्डनचा खर्जातून थेट किंकाळीपर्यंत चढणारा आवाज. अ‍ॅलन प्राइसचा ऑर्गनही झकास; खोटं कशाला बोला?

आता लेबल, म्हणजे रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. पाच नावं मावत नाहीत म्हणून सांगा आणि एकच छापा: अ‍ॅलन प्राइस. का, तर इंग्रजी मुळाक्षरांत ‘अ‍ॅलन’ पहिला. (आडनावाने लावलं तर बर्डन पहिला येतो, पण असल्या चौकशा करणारी माणसं बँडमध्ये घेऊच नयेत.) जमीन पाच भावांनी कसायची आणि सातबारा एकाच्या नावावर, इतकं सोपं आहे हे.

गाणं जुलैत ब्रिटनमध्ये, सप्टेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. रॉयल्टीचा चेक मात्र एकाच्याच नावे. 1965 मध्ये प्राइस बाहेर पडला. कारण विमानाची भीती. हे कारण लक्षात ठेवा, त्यावर कुणी उलटतपासणी घेत नाही. 1966 मध्ये ड्रमर जॉन स्टील गेला आणि त्याच वर्षी दुकान बंद. बासवाला चॅस चँडलर तेवढा शहाणा निघाला: न्यूयॉर्कमधून गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला लंडनला आणून त्याचा मॅनेजर झाला.

बँड संपला तरी नाव उरतं, ते वाया घालवू नका. 2004 मध्ये स्टीलने ब्रिटनमध्ये त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, बर्डनने हरकत घेतली आणि 2013 मध्ये अपिलात बर्डनच जिंकला. निकालपत्रात मात्र जागेची अडचण आली नाही.