वॉचमन झोपतो, कारण त्याची ड्युटी बारा तासांची असते

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सतत फिरतो: 'वॉचमनला काम काय, नुसतं बसायचं. तरी रात्री झोपतात. पगार वाढवला की आणखी सुस्तावतात. एजन्सी बदला, सरळ होतील.' यातलं एकही वाक्य जसंच्या तसं मान्य करता येत नाही.

'नुसतं बसायचं' म्हणणाऱ्यांनी सकाळी आठला गेटवर उभं राहावं. स्कूलबस लागलेली, मागे गाड्यांचे हॉर्न, कुरिअरवाला ॲपवरच्या एंट्रीसाठी खोळंबलेला, आणि इंटरकॉमवरून कुणीतरी विचारतंय, 'पंप चालू केला का?' हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर.

रात्रीचं काम त्याहून अवघड, कारण काहीच घडत नसताना लक्ष ठेवायचं असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तबकडीवरचा काटा मधूनच दुप्पट उडी घेई, ती टिपायची. अर्ध्या तासातच चुका वाढू लागल्या. आपण हेच काम बारा तास करून घेतो, आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही तर चोवीस तास! सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. डबल ड्युटीवरच्या माणसाचा डोळा लागला, तर त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, वर काम घेतलं तर ओव्हरटाइम दुप्पट दराने. सुट्टीशिवाय बारा तासांची ड्युटी म्हणजे महिन्याला 360 तास. हा ओव्हरटाइम किती वॉचमनच्या हातात पडतो, ते त्यांनाच विचारा.

पगारवाढीने सुस्ती येते, याला तर आधारच नाही. 2001 मध्ये 312 नमुन्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात कामातलं समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे 0.30 निघाला. फार मोठा नाही, पण दिशा स्पष्ट आहे: समाधानी माणूस सहसा बरं काम करतो. नुसत्या पगाराने जादू होत नाही, हेही खरंच. मान मिळाला, जबाबदारी दिली, साहेबाने नावाने हाक मारली, की माणूस मनापासून काम करतो. पण आधी वाढ त्याच्यापर्यंत पोचली का, ते तपासा. सोसायटी वाढवते ते एजन्सीचं बिल. हातात किती पडायचे ते एजन्सी ठरवते, त्यातून कधी गणवेशाचेही पैसे कापले जातात. पगाराची स्लिप मागा.

कामचुकार वॉचमन असतात. त्यांना जरूर बदला.

एजन्सी बदलल्यावर मात्र बऱ्याचदा तीच माणसं नव्या गणवेशात त्याच केबिनमध्ये बसतात. खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या 2006 च्या केंद्रीय नमुना नियमांत गार्डला वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष 60 तास प्रशिक्षण सांगितलं होतं. तुमच्या गेटवरच्या माणसाला त्यातलं किती मिळालं?

बदलायचीच असेल तर पाळी बदला. आठ तासांच्या तीन पाळ्यांना पहाऱ्याच्या एका जागेवर दोनऐवजी तीन माणसं लागतील. तिसऱ्याचे महिना 24,000 रुपये धरले, तरी 80 फ्लॅटच्या सोसायटीत घरटी 300 रुपये पडतात. एजन्सी बदलण्याचा ठराव येईल त्या सभेत हा हिशेब आधी मांडा.