डिस्क जपानची, टेप कुठली?

नानाची यादी आली की जानेवारी जवळ आला असं समजायचं. नाना माझा मावसभाऊ, राहतो सांगलीत, आणि त्याच्या घरात दीड हजारांवर रेकॉर्डी आहेत. मी दरवर्षी तोक्योहून निघायच्या महिनाभर आधी तो यादी पाठवतो. यंदाच्या यादीत सात डिस्क आहेत, सगळ्या एसएचएम-एसएसीडी, म्हणजे साध्या सीडीहून वरच्या दर्जाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या 'सुपर ऑडिओ सीडी'ची खास प्लास्टिकवरची जपानी आवृत्ती, सगळे साठ-सत्तरच्या दशकांतले जॅझ आणि रॉकचे अल्बम. एकेक चार हजार येनांच्या वर. सातांचे मिळून आपले पंधरा-सोळा हजार रुपये सहज होतात.

गेल्या खेपेला त्याच्याकडे चौघे-पाच जण जमले होते. पुण्याहून दोघे आले होते, एक कोल्हापूरचे डॉक्टर होते. जेवणं झाली आणि नेहमीचा वाद पेटला. एक बाजू म्हणते, जुन्या अल्बमची जपानमध्ये निघालेली महागडी आवृत्ती म्हणजे शेवटचा शब्द, त्यापुढे काही नाही. दुसरी बाजू म्हणते, पहिल्या छपाईची तबकडी हीच खरी, नंतरचं सगळं त्याच गाण्याचे पुन्हा पुन्हा पैसे घेणं. मला विचारलं तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. बारा वर्षं जपानात राहून, तोक्योतल्या ओचानोमिझूच्या रेकॉर्डींच्या दुकानांत शेकडो संध्याकाळी घालवून माझं मत काय झालंय, ते आता नीट सांगतो.

आधी प्लास्टिकचं. २००८ साली इथे एका वर्षात तीन नवी नावं बाजारात आली: एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक सीडी आणि एचक्यूसीडी. एसएचएम-सीडी जेव्हीसी आणि युनिव्हर्सल म्युझिक जपान यांनी मिळून काढली. एलसीडी पडद्यांसाठी बनवलेलं जास्त पारदर्शक पॉलिकार्बोनेट तिच्यात वापरतात. लेझर जास्त स्वच्छ वाचतो, म्हणून आवाज सुधारतो, असा दावा. या तिन्ही साध्या सीडीच आहेत, कुठल्याही प्लेअरवर वाजतात. युनिव्हर्सलने तेव्हा एक नमुना-संच काढला होता: दोन डिस्क, तीच गाणी, तेच मास्टरिंग (छपाईआधी आवाजावर होणारं शेवटचं काम), एक साधी आणि एक एसएचएम, किंमत हजार येन. मी तो जुन्यात घेतला. एका रविवारी बायको प्लेअरपाशी बसली, मी पाठ करून बसलो. ती नाणं उडवून डिस्क लावायची आणि वहीत लिहून ठेवायची. वीस वेळा केलं. माझी अकरा उत्तरं बरोबर आली. आधी दोन दिवस मी छातीठोकपणे सांगत होतो की झांजेचा शेवट एसएचएमवर जास्त लांबतो.

म्हणजे साध्या सीडीपेक्षा वरचढ काही नसतंच का? तसं नाही. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरन यांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी एसएसीडीचा आवाज थेट ऐकवला, आणि तोच आवाज सीडीच्या दर्जाच्या रूपांतरातून काढूनही ऐकवला. कोणता कुठला ते ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. इथवरचं सगळे सांगतात. पण त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवलं होतं की त्यांच्याकडच्या बहुतेक एसएसीडी बाजारातल्या बहुतेक सीडींपेक्षा ऐकायला चांगल्या होत्या. कारण त्या काळजीने तयार केल्या होत्या. चोखंदळ गिऱ्हाइकासाठी काम करताना इंजिनिअरला आवाज दाबून मोठा करावा लागत नाही, हलका सूर हलका आणि जोरकस सूर जोरकस ठेवता येतो. पैसे द्यायचे ते या कामाचे.

माझं सगळं म्हणणं यात आलं. डिस्क ज्या टेपवरून काढली ती टेप कुठली होती, ती कोणत्या साली, कुणी, कशावर वाजवली, हे कळलं तर डिस्कची किंमत ठरवता येते. ते कळत नसेल तर वरच्या सोनेरी अक्षरांचं मोल मला शून्य आहे.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचं आहे. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत त्याची पहिली तीन गाणी रेकॉर्ड झाली. दोन मशीनं एकाच वेळी चालू होती, एक मुख्य आणि एक जादा प्रतीसाठी. मुख्य मशीन त्या दिवशी किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या गतीने वाजवली की सूर चढतो. तबकडीची पहिली अख्खी बाजू अशी जवळजवळ पाव सूर चढी निघाली. १९५९पासून १९९२पर्यंत जगाने ती तशीच ऐकली. १९९२च्या आवृत्तीसाठी जादा मशीनवरची टेप काढली, तेव्हा कुठे ती बाजू आपल्या जागी आली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मिरज आठवली. मी मिरजेत वाढलो. शाळा सुटली की सतारमेकर गल्लीत एका चाचांच्या ओट्यावर रेंगाळायचो. ते तंबोऱ्याची जवारी काढत. तारेखालचा दोरा केसभर सरकवायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा केसभर. अर्धा अर्धा तास. पाव सूर म्हणजे त्यांच्या लेखी मैलभर अंतर. आणि त्याच गावात राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या आज आपण कुठल्या सुरात ऐकतो? त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०५चं. त्या काळात तबकडीची गती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर पक्की झालेली नव्हती, कंपनीगणिक आणि कधी तबकडीगणिक ती बदलायची. माझ्याकडे खाँसाहेबांच्या एकाच तबकडीची दोन वेगवेगळी पुनर्मुद्रणं आहेत. पेटी घेऊन बसलो तर दोन्हींचा षड्ज जुळत नाही. पाव सुराहून जास्त फरक आहे. दोन्हींच्या वेष्टनावर गतीबद्दल एक अक्षर नाही. ज्या माणसाच्या गळ्यातला सूर ही त्याची सगळी ओळख, त्याचा सूरच आपण अंदाजाने छापतो, याचा मला फार त्रास होतो.

पहिल्या छपाईवाल्यांनी 'काइंड ऑफ ब्लू'चं उत्तर द्यावं. पहिली छपाई तिथे चुकीच्या सुरात आहे. त्यांचा मुद्दा खोटा नाही, तेव्हा टेप ताजी होती, आणि टेप म्हातारी होते हे खरंच आहे. पण पहिली छपाई हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

आता महागड्या आवृत्तीवाल्यांसाठी अमेरिकेतली २०२२ची गोष्ट. मोबाइल फिडेलिटी ही जुने अल्बम नव्याने काढणारी १९७७पासूनची कंपनी. तिच्या 'वन-स्टेप' तबकड्या सव्वाशे डॉलरला जायच्या, आणि मूळ टेपवरून थेट कापलेल्या म्हणून लोक त्या रांगा लावून घ्यायचे. मग मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या चाळीस हजार प्रती काढायचं जाहीर झालं. जाणत्यांना शंका आली. या पद्धतीत एका लॅकरमधून, म्हणजे आवाज कापलेल्या मूळ चकतीतून, थोड्याच तबकड्या निघतात, मग एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप किती वेळा मशीनवर चढवणार? अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सच्या एका दुकानदाराने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी कॅमेऱ्यासमोर कबूल केलं: मधे डीएसडी, म्हणजे डिजिटल पायरी, २०११पासून आहे. प्रकरण कोर्टात गेलं, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. लोक फसले ते आवाजात नाही. त्याच तबकड्यांची सगळ्यांनी अकरा वर्षं तोंड भरून स्तुती केली होती, आणि त्या चांगल्याच होत्या. राग होता तो सांगितलं नाही याचा. त्यानंतर ती कंपनी प्रत्येक तबकडीचा स्रोत जाहीर करू लागली.

इथे जपानात मला हेच सवयीचं झालंय. नानाच्या यादीतल्या एसएचएम-एसएसीडीपैकी बऱ्याच डिस्कच्या ओबीवर, म्हणजे कव्हरच्या कडेला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर, बारीक अक्षरांत एक ओळ असते: इंग्लंडमधल्या मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून अमुक सालचं डीएसडी मास्टर. एवढीच ओळ. पण ती वाचून मला दुकानातच ठरवता येतं. टेप तीच, मास्टर तेच आणि फक्त डिस्कचं साहित्य बदललंय असं दिसलं, तर मी ती परत खणात ठेवतो. टेप वेगळी असेल, किंवा पूर्वी दाबून मोठा केलेला आवाज या वेळी तसा केलेला नसेल, तर घेतो.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट, कारण यात नानाचे पैसे अडकले होते. एसएचएम-एसएसीडीवर सीडीचा थर नसतो. साध्या सीडी प्लेअरवर ती वाजत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तीन नेल्या, नानाने मोठ्या हौसेने पहिली लावली, आणि प्लेअर 'नो डिस्क' म्हणत बसला. त्या संध्याकाळचा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. ज्यांच्याकडे एसएसीडी प्लेअर नाही त्यांनी 'हायब्रिड', म्हणजे सीडीचाही थर असलेली, असं लिहिलेलीच घ्यावी.

आपल्याकडे आता जुन्या गाण्यांच्या नव्या एलपी निघताहेत, जाड, सुंदर कव्हरांच्या, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण मी सुट्टीत विकत घेतलेल्या एकाही एलपीवर कुठली टेप, कोणत्या साली उतरवली, कुणी मास्टरिंग केलं हे मला सापडलं नाही. गायकाचं नाव, कवीचं नाव, संगीतकाराचं नाव असतं. ज्याच्या हातून तो आवाज आपल्यापर्यंत आला त्याचं नाव नाही. नानाच्या बैठकीत तासभर एसएचएमवर वाद घालणाऱ्या माणसांनी आपल्या कंपन्यांना एकदा तरी पत्र लिहून हे विचारायला हवं होतं. मीही विचारलं नव्हतं, या महिन्यात विचारलंय.

कारण टेपा थांबत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा बाइंडर, म्हणजे टेपवरची चुंबकी भुकटी धरून ठेवणारा थर, दमट हवेत ओल धरतो, टेप चिकट होते आणि मशीनवर चढवली की हेडवर तपकिरी राप सोडते. मग ती पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास शेकून, वाजेल तेवढ्यात उतरवून घ्यावी लागते. आपल्या पावसाळ्यात बुरशी वेगळीच. सांगली-मिरजेतल्या किती घरांत खासगी बैठकींचे स्पूल माळ्यावर पडलेत! त्यांची पहिली छपाई नाही, दुसरी नाही, जपानी आवृत्ती तर कधीच येणार नाही.

नानाच्या माळ्यावर असे अकरा स्पूल आहेत, त्याच्या वडिलांनी भरलेले. त्यातल्या दोन डब्यांवर फक्त 'दर्गा, रात्र दुसरी' एवढंच लिहिलंय, म्हणजे मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाची मैफल असणार. काल मी त्याला फोन केला आणि सांगितलं, "नाना, सातांतल्या दोनच आणतो. उरलेल्या पैशात मशीनचं हेड आणि रबरं घेतो. तू डबे आत्ता उघडू नकोस, ओल लागेल." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या दोन कुठल्या, ते तरी सांग."