हत्ती नाही, टॉवेलचा गठ्ठा न्यायचाय

बाईकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक सख्खा मेव्हणा. सार असं : तयार लगेज रॅक घेणं म्हणजे पैशांचा चुराडा. फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पाइपचं कॅरिअर करून घ्या आणि थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग मारा. बोल्ट ढिले होतात, वेल्डिंग जन्मभर टिकतं. पन्नास किलो आरामात नेता येतात. साडीगार्ड आड आलं तर काढून टाका. आणि कुठलाही रॅक कायद्यात बसतच नाही, दंड व्हायचा तो होणारच, मग महागडा कशाला?

सोलापुरात असल्या सल्ल्याला गिऱ्हाईक भरपूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे दुचाकीवर बांधून नेणारे रोज दिसतात, मीही त्यातलाच. आणि हा मेसेज यायच्या कितीतरी आधी मी नेमकं हेच करून बसलोय.

आधी वेल्डिंगचं बघू. माझं कॅरिअर करणारा म्हणाला होता, "मालक, हत्ती बसवा, हलणार नाही." दोन वर्षं खरंच हललं नाही. मग तुळजापूरला माल घेऊन जाताना तामलवाडीच्या अलीकडे मागून कर्र आवाज आला आणि गठ्ठा एका अंगाला कलला. उतरून पाहिलं तर वेल्डिंग शाबूत! तडा त्याच्या शेजारी, चेसिसच्या पाइपवर, नखाच्या कोरीसारखा अर्धगोल. त्याची कड अर्धी तपकिरी आणि अर्धी चकचकीत होती. चकचकीत भाग त्या दिवशी फाटलेला. तपकिरी भागावर गंज चढला होता, म्हणजे तडा कित्येक दिवस आधीच सुटला होता आणि मी त्याच्यावर माल लादून हिंडत होतो.

हे वेल्डरच्या हाताचं पाप नव्हे. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारच्या धातूची घडण बदलते आणि सगळा ताण त्याच रेषेवर गोळा होतो. इंजिनाची थरथर आणि रस्त्यातले खड्डे ती रेष लाखो वेळा वाकवतात. धातूही थकतो. इथे जाड पाइप मदतीला येत नाही, उलट घात करतो. रॅक अजिबात लवत नाही, त्यामुळे सगळं लवणं चेसिसच्या पातळ पाइपच्या वाट्याला येतं. बोल्टने बसवलेला रॅक तुटला तर रॅक बदलता येतो. चेसिसला तडा गेला तर काय बदलणार? नंबर तिच्यावरच कोरलेला असतो.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आणि ते चालवणारा ईसीयू, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, आला. बॅटरी न सोडवता चेसिसवर वेल्डिंग मारलं तर तो उडण्याची जोखीम वेगळीच. टाकी पेट्रोलची असते, हेही जाता जाता आठवलेलं बरं.

आता पन्नास किलो. "मागे साठ किलोचा माणूस बसतोच की," असा यावरचा ठरलेला युक्तिवाद. पण माणूस मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे बसतो आणि रॅक असतो त्या आसाच्या मागे. सगळा फरक तिथेच पडतो. शंभर सीसीच्या साध्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असतं. स्प्लेंडर प्लसचं 1236 मिलिमीटर आहे. सामानाचा मध्य मागच्या आसाच्या पाव मीटर मागे धरा. 20 किलो ठेवले तर मागच्या चाकावर 24 किलो वाढतात आणि पुढच्या चाकावरचे 4 किलो उचलले जातात. 50 ठेवले तर मागे 60 वाढतात, पुढचे 10 जातात. बागेतल्या सी-सॉच्या फळीचंच गणित. मग हँडल हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जाते आणि पुढचा ब्रेक दाबला की चाक लवकर घसरतं. गिवीसारखी इटलीची नावाजलेली कंपनीसुद्धा रॅकवर बसणाऱ्या आपल्या बऱ्याच मोनोलॉक पेट्यांना 3 किलोची मर्यादा घालते, ते काही पेटी कच्ची असते म्हणून नव्हे. जड माल सीटवर किंवा दोन्ही बाजूंना खाली, आसाजवळ ठेवायचा. रॅकवर हलकं.

बोल्ट ढिले होतात, एवढं मात्र त्या मेसेजमध्ये खरं आहे. पण त्याला उपाय आहे. माथ्यावर 8.8 हा ताकदीचा आकडा कोरलेले बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) घ्या. खरी काळजी शॉकअपच्या वरच्या नटाची. रॅकची पट्टी त्या नटाखाली सरकवली की पट्टीच्या जाडीएवढे आटे कमी पडतात. नट बसल्यासारखा वाटतो, पण दोन-तीन आट्यांवरच लटकत असतो. नटाबाहेर एखाद-दोन आटे दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर लांब स्टड (आट्यांचा दांडा) घालायचा किंवा तो रॅक परत करायचा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

साडीगार्ड काढायला सांगणाऱ्यानं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला बायकोला साडीत मागे बसवून न्यावं, एवढंच म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियमावली, 1989 मधल्या नियम 123 प्रमाणे मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतंच. साडीगार्ड जागेवर ठेवून बसणारे रॅक मिळतात.

राहता राहिला दंड. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये फेरबदलाची व्याख्याच दिली आहे : गाडीच्या रचनेत असा बदल, ज्यानं तिचं मूळ स्वरूप बदलतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक फेरबदलाला 5000 रुपये दंड आहे. चार बोल्ट सोडवले की निघणारा रॅक मला तरी या व्याख्येत बसत नाही, फक्त नंबरप्लेट, टेल लॅम्प आणि इंडिकेटर झाकले जायला नकोत. चेसिसलाच जोडलेली पाइप मात्र रचनेत हात घालते. म्हणजे दंडाची भीती घालून मेसेज नेमकी तीच गोष्ट करायला सांगतोय जिच्यावर बोट ठेवता येईल.

मेव्हण्यानं शेवटी तयार रॅक घेतला. बसवल्यावर त्याला एकच सांगितलं, तुळजापूरला एकदा जाऊन ये. येऊन-जाऊन साधारण नव्वद किलोमीटर होतात. परत आल्यावर आम्ही चारही बोल्टांना रिंग पाना लावून पाहिला. तीन जागचे हलले नाहीत, डावीकडचा मागचा पाव फेरा फिरला.