बोट काढा, बोट ठेवा

परवा दुपारी टेम्पोवाल्याचा पोरगा फरशीची शेवटची पेटी वर घेऊन आला, मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्यामागे खुर्चीवर बसलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकांपुढे पावती धरली. "मालक, सही." काकांनी केली. लफ्फेदार. घर माझं, पैसे माझे आणि सही ज्यांना कुणी बोलावलंही नव्हतं त्यांची. मला काही बोलता आलं नाही, कारण माझ्या हातात पाण्याच्या नळीचं एक टोक होतं आणि मी हललो असतो तर लेव्हल गेली असती.

थोडक्यात सांगतो. डोंबिवलीतली जुनी इमारत, घरात दहा इंची मोझॅक. ती उखडून आठशे-सोळाशेची व्हिट्रिफाइड बसवायचं घरात बहुमताने ठरलं. म्हणजे एकेक फरशी सव्वापाच फूट लांब, पावणेतीन फुटांच्या आतबाहेर रुंद आणि वजनाला सत्तावीस-अठ्ठावीस किलो. दुकानात तिच्यावर आपला चेहरा दिसतो एवढंच दाखवतात. फरशी जितकी मोठी तितकी खालची जमीन सभ्य लागते, हे पैसे भरल्यावर मिस्त्रीकडून कळतं. मोझॅक बिचारी गोधडीसारखी, जमीन जशी असेल तशी पसरायची. ही बाई तसलं काही चालवून घेत नाही. दहा फुटांत एका सुताहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, जास्त फरक असला की कुठे खाली पोकळ राहणार, कुठे काठ वर येणार, आणि त्या काठाला रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाची करंगळी लागणार. त्यात या फरश्या भट्टीतूनच मध्ये किंचित फुगून येतात. म्हणून विटांसारखी अर्ध्यावर अर्धी लावायची नाही, तिसरा हिस्साच सरकवायची. हेही दुकानात सांगत नाहीत.

मोझॅक निघाली आणि खालचा स्लॅब उघडा पडला. स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत सव्वा इंच उतार. सोफा दर दिवाळीला थोडा बाल्कनीकडे गेलेला असायचा, त्याचा दोष आम्ही इतकी वर्षं मोलकरणीला देत होतो. बिल्डर आता कुठे आहे ठाऊक नाही. भेटला तर त्याला त्याच सोफ्यावर बसवणार आहे.

मिस्त्रीने लेझर लावला, चारी भिंतींवर एका लेव्हलची हिरवी रेघ उमटली, आणि घणाच्या आवाजाची तक्रार करायला आलेले काका ती रेघ बघून तक्रार विसरले. काका रिटायर्ड ओव्हरसियर.

"हे काय?"

"लेझर है, चाचा."

"कभी गिरा था क्या?"

मिस्त्री गप्प. काकांनी तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला.

"एक बार. लेकिन गादी पे गिरा था."

काका माझ्याकडे वळले. "ऐकलंत? यंत्र पडतं. पाणी पडलं तरी पाणीच राहतं." आणि घरी जाऊन पारदर्शक नळीचं भेंडोळं घेऊन आले. ही नळी म्हणे धरणावर वापरलेली. तिच्यात आमच्या पिण्याच्या पाण्याचा हंडा रिकामा झाला. एक टोक काकांकडे, एक माझ्याकडे. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्यावरून लेव्हल बघायची.

"बोट काढा."

काढलं. पाणी माझ्या पायावर.

"अहो, बोट ठेवा!"

ठेवलं.

"आता काढा. हळू! बोट असलं की पाण्याला हवा लागत नाही, पाणी चढणार कसं? सायन्स शिकलात ना?"

मी नोकरीत बारा माणसांवर साहेब आहे, हे इथे सांगून काही उपयोग नव्हता. बायको दारातून फोटो काढत होती. मिस्त्री बिडी पेटवायला बाल्कनीत गेला, त्याचा बिगारी माझ्या जागी आराम करत होता.

तासाभराने निकाल लागला. काकांच्या पाण्याप्रमाणे लेझर दोन सूत खोटा. मिस्त्रीने नळी हातात घेतली, सोफ्यामागे वळलेल्या भागात बोटाएवढा हवेचा बुडबुडा दाखवला, नळीला टिचक्या मारत तो बाहेर काढला आणि पुन्हा टोक धरायला लावलं. मलाच. पाणी बरोबर हिरव्या रेघेवर येऊन थांबलं.

"बघा," काका म्हणाले, "तुमचा लेझर बरोबर आहे. मी तपासून दिला."

इथवर मी हसतो. पुढचं हसण्यासारखं नाही. उतार भरायचा म्हणजे बाल्कनीच्या अंगाला सव्वा इंच जादा सिमेंट-वाळूचा माल, मग तो सुकवायचा, मग त्यावर केमिकलने, म्हणजे फरशी चिकटवायच्या खास मसाल्याने, फरशी. या फरशीत पाणी मुरत नाही, त्यामुळे नुसतं सिमेंट तिला धरत नाही. पाणी कुठलं, तिच्यात माझा रागही मुरत नाही. वाळू लिफ्टने न्यायला सोसायटीची बंदी, गोणी खांद्यावरून, मजल्याप्रमाणे दर. राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, उचलायचं डिपॉझिट वेगळं. एवढा खर्च ज्यावर होतो ते फरशीखाली गाडलं जाणार. पाहुणे येऊन म्हणणार, रंग जरा फिका वाटतो, नाही का?

आणि मग मिस्त्री सहज बोलून गेला की शंभर चौरस फुटांवर एक इंच माल म्हणजे पाचशे किलोच्या आसपास. काकांनी नळी गुंडाळता गुंडाळता स्वतःच्या घराच्या दिशेने खाली पाहिलं.

"हे सगळं माझ्या डोक्यावर?"

त्याच संध्याकाळी कमिटीचं पत्र आलं. वजनाचा हिशेब लेखी द्यावा, तोवर काम बंद. काका जिन्यात भेटले तेव्हा समजुतीच्या सुरात म्हणाले, "थोडा उतार राहू द्या की. इतकी वर्षं काय अडलं तुमचं?"

हिशेब लिहायला बसलोय. जुनी मोझॅक आणि तिच्याखालचा माल मिळून चांगला अडीच इंचांचा थर मी उखडून खाली पाठवलाय, म्हणजे नवं सगळं धरूनही वजन कमीच होतंय. काकांना ते मान्य नाही. ते म्हणतात, जे काढलं ते आता राबिट झालं, ते हिशेबात धरायचं नाही.