ओल्या बाळंतिणीच्या दारात

ज्या घरी बाळंतीण आहे तिथे फार वेळ बसू नये, मोठ्याने बोलू नये आणि चहाची वाट तर अजिबात बघू नये, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. पक्षीनिरीक्षकांना हे कोणी शिकवत नाही. एरवी वर्षभर ज्याची साधी चौकशीही केली नाही, त्या पक्ष्याच्या घरी पाळणा हलणार अशी कुणकुण लागली की ही माणसं भल्या पहाटे, हातभर लांबीच्या लेन्स खांद्यावर टाकून, न बोलावता दारात हजर होतात. मीही त्यांच्यातलाच.

कोकणातली सर्वांची लाडकी बाळंतीण म्हणजे तिबोटी खंड्या. रायगडचा तर तो जिल्हा पक्षी. चोचीसकट जेमतेम १३ सेंटिमीटर. पोट पिवळं-नारिंगी, डोकं जांभळट, पंख निळे-काळे, वर लालभडक चोच. एवढा नटूनथटून हा गृहस्थ राहतो कुठे, तर गच्च झाडीतल्या अंधाऱ्या वहाळाच्या काठी, जिथे त्याला बघायला कुत्रंही फिरकत नाही. पाऊस पडून दरड मऊ झाली की नवराबायको मिळून तिच्यात बीळ खणतात. ते पार मीटरभर खोल जाऊ शकतं. मग अंडी, दोन-अडीच आठवडे उबवणं, त्यानंतर वीसेक दिवस भरवणं. थोडक्यात, ज्या दिवसांत कोकणात दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, नेमका तेव्हाच याचा संसार ऐन भरात. नवरंग पक्ष्याचंही तसंच. या मंडळींना मार्चमध्ये काय धाड भरते, कोण जाणे.

घरटं कुठे आहे हे पक्षीनिरीक्षक सांगत नाहीत. यामागे तत्त्व आहे, आणि ते चांगलं आहे. गर्दी वाढली की पक्षी भरलं घरटं सोडून जाऊ शकतात. पण तत्त्व पाळायची रीत अशी, की फोटोखाली नुसतं ‘रायगड’ लिहायचं आणि नंतर एकेका मित्राला ‘तुला म्हणून सांगतो’ असं म्हणत नकाशा पाठवायचा. मला ज्याने ‘तुला म्हणून’ सांगितलं, त्याने ‘तुला म्हणून’ सांगितलेली बाकीची सगळी माणसं मला त्या वहाळात भेटली.

सगळ्यांच्या अंगात जंगलात मिसळून जाणारे हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे होते. पाऊस आल्यामुळे प्रत्येकाने त्यावर पोपटी, केशरी नाहीतर चकचकीत निळा रेनकोट चढवला होता. आमच्यात एक डॉक्टर होते. एक बँकेतले साहेब होते. त्यांनी घरी ‘ऑडिट आहे’ असं सांगितलं होतं. वाटाड्या होता गावातलाच तरुण. त्याने बिळासमोर शेवाळ लागलेली एक देखणी काठी रोवून ठेवली होती. पक्षी तिच्यावर बसेल, मागे हिरवं धूसर येईल आणि फोटो झकास होईल, अशी योजना. शूटिंगला नटाने कुठे उभं राहायचं ते खडूने आखतात ना, तसंच. फक्त नटाला कोणी कळवलेलं नव्हतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ कशाला म्हणायचं ते एकदा वाचून बघा. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं हेही त्या व्याख्येत बसतं. मी हे तिथे दबक्या आवाजात बोलून दाखवलं. साहेबांनी ‘श्शऽऽ’ केलं. कायद्यासाठी नव्हे, पक्षी बुजेल म्हणून.

मग वाट बघणं. चष्म्यावर वाफ, लेन्सवर वाफ, वाफ पुसायच्या फडक्यावर पाणी. बुटात वहाळ शिरलेला. डासांना मात्र आमच्या येण्याचा मनापासून आनंद झाला होता. याच जिल्ह्यात, किहीमला, १९३० सालच्या पावसाळ्यात सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांवर नजर ठेवली होती. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर बिऱ्हाड थाटते; आणि एवढं झालं की हा पठ्ठ्या पुढच्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो, हे प्रकरण त्यांनी तिथे उजेडात आणलं. त्यासाठी महिनेच्या महिने बघत बसायची तयारी लागते. आमच्या डॉक्टरांना साडेअकराला पनवेलमध्ये पेशंट होता.

अखेर ती बारीक, टोकदार शीळ आली आणि जमिनीलगतच्या झुडपांतून काहीतरी नारिंगी सुर्रकन गेलं. काठीवर नाही. आमच्या मागे, कोणाच्या तरी वाडीला पाणी नेणाऱ्या काळ्या फुटक्या पाइपावर ते जाऊन बसलं. चोचीत सापसुरळी. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. खंड्या घास स्वतः गिळणार असेल तर तो भक्ष्याचं डोकं आपल्या घशाकडे वळवतो; भरवायचा असेल तर बाहेर ठेवतो. म्हणजे पार्सल घरच्यांसाठीच होतं.

दहा हातांवर, पावसात, तिबोटी खंड्या! आणि एकानेही बटण दाबलं नाही.

“पाइप येतोय,” साहेब हळहळले. नैसर्गिक फोटोत प्लॅस्टिक चालत नाही. आमच्या रंगीबेरंगी रेनकोटांमधून वाट काढत पक्ष्याने त्या काठीवर यावं, म्हणून सगळे श्वास रोखून बसले. पक्षी पाइपावर मान खालीवर करत राहिला. तो उडाला, वहाळावर एक चक्कर मारली आणि पुन्हा पाइपावर आला. सापसुरळी चोचीतच. बिळाकडे काही जाईना.

“अजून पाच मिनिटं,” वाटाड्या म्हणाला.

इतक्यात वरच्या पायवाटेने इरलं पांघरलेली एक आजी आली. तिने आधी आमच्याकडे पाहिलं, मग पाइपाकडे, मग दरडीतल्या बिळाकडे. तपासाला तिला एवढं पुरलं.

“काय ओ, दारातच बसलाव सगले? पोरां उपाशी हायेत तिची. उठा!”

हे ती मोठ्याने बोलली. पक्षी जागचा हलला नाही. आम्ही हललो. लाखालाखाच्या लेन्स, स्टुलं, तिपाया उचलून ही सगळी शिकलेली माणसं निमूटपणे चढ चढू लागली. वाटाड्या काठी उपटायला वळला, कारण ती त्याची चुलत आजी निघाली. आम्ही वरच्या आंब्याआड पोहोचतो न पोहोचतो तोच तो नारिंगी ठिपका बिळात शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर आला आणि पुढच्या खरेदीला गेला. मला वाफाळलेल्या चष्म्यातूनही हे सगळं दिसलं. डॉक्टर तेव्हा लेन्सला झाकण लावत होते.

“फोटोवाले ना तुम्ही?” आजीने खाली उतरता उतरता चौकशी केली. “मंग आमचे नातीचा काढा एक. सव्वा महिना झाला काल.”

नात ओटीवरच्या झोळीत होती. काजळ, कुंची आणि कपाळभर तीट. डॉक्टरांनी मोठ्या उमेदीने कॅमेरा डोळ्याला लावला. ६०० मिलिमीटरच्या त्या लेन्सला चार-साडेचार मीटरच्या आतलं काही म्हणता काही दिसत नाही. ते ओटीवरून पायरीवर आले, पायरीवरून अंगणात, अंगणातून भर पावसात उलट्या पावलांनी गोठ्यापर्यंत गेले. म्हशीला टेकल्यावर त्यांनी हात वर करून सगळं जमल्याची खूण केली आणि बटण दाबलं.

फोटोत डावा कान आला आहे. तीक्ष्ण आहे एकदम.