दही-ताक ठीक, पण आधी ब्रीथ टेस्ट करा
लेखात पोटफुगीवर दही, ताक नि प्रोबायोटिक एवढंच सांगितलंय, पण लहान आतड्यातच जंतू वाढले असतील, म्हणजे सिबो, तर तेवढ्याने भागत नाही हो. आमच्या सासूबाईंना कित्येक वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या चालू, म्हणजे जंतूंना आवर घालणारं पोटातलं आम्लच कमी, त्यात डायबेटीस म्हणजे आतड्यांची हालचाल आधीच मंद, शेवटी ग्लुकोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजला (हीच ब्रीथ टेस्ट; जंतू ग्लुकोजपासून हा वायू बनवतात), ९० मिनिटांत २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) वाढला की पॉझिटिव्ह धरतात. मग रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स. बराच फरक पडला, पण हे परत उलटतं बरं का, मूळ कारण तसंच राहिलं तर! कांदा, लसूण, राजमा काही आठवडे बंद, फोडणीत लसूण तळून पाकळ्या काढून टाकल्या तर चालतं. आणि बी१२ तपासून घ्याच, ते जंतूच फस्त करतात.